गनबो स्ट्रीटवर ना गन होती, ना बो

प्रश्न असा आला आहे: आजोबांच्या ट्रंकेत एक जुना भाडेकरार सापडला, त्यावर पत्ता ‘गनबो स्ट्रीट, फोर्ट, बॉम्बे’. आजच्या नकाशात या नावाचा रस्ता दिसत नाही. रुस्तम सिधवा मार्ग तो हाच का? तिथे कधी बंदुकांचा कारखाना होता का? आणि मुंबईच्या फोर्टातल्या झाडून सगळ्या रस्त्यांना दोन-दोन नावं कशी, त्यातलं खरं कोणतं?

आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. हो, तोच रस्ता. कारखाना नव्हता. आणि खरं नाव कोणतं हे तुम्ही कोणाला विचारताय त्यावर आहे: टॅक्सीवाल्याला, पोस्टमनला, की सब-रजिस्ट्रारच्या दप्तराला. तिघंही तीन नावं सांगतील आणि तिघंही बरोबर असतील.

मी गेली सत्तावीस वर्षं मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींचं सर्चचं काम करतो. इमारत विकायची निघाली किंवा रिडेव्हलपमेंटला गेली, की तिची मालकी कोणाकडून कोणाकडे आली हे दस्तांमधून मागे मागे काढत जायचं, एवढंच ते काम. आजच्या मालकापासून सुरुवात केली की दोन-तीन दस्तांत माणूस स्वातंत्र्याच्या मागे पोहोचतो, आणि तिथे रस्त्यांची नावं बदलतात. आणखी मागे गेलं की स्पेलिंगं बदलतात. त्याच्याही मागे गेलं की रस्ता राहतच नाही, नुसतं ‘अमक्या शेटच्या घराला लागून जाणारी वाट’ उरते. त्यामुळे या नावांशी माझं नातं इतिहासकाराचं नाही, रोजच्या डोकेदुखीचं आहे.

तर तुमचा गनबो स्ट्रीट. गन म्हणजे बंदूक आणि बो म्हणजे धनुष्य असं वाटणं साहजिक आहे, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात ते गणबा शेट. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट, त्यांचे हे पूर्वज, कोकणपट्टीतून मुंबईत येऊन व्यापारात स्थिरावलेले. लोक त्या गल्लीला गणबा शेटची गल्ली म्हणत असणार. साहेबाच्या कारकुनाने ते कानाला पडलं तसं रोमन अक्षरांत उतरवलं, दुसऱ्याने ते वाचलं, तिसऱ्याने पाटीवर रंगवलं, आणि गणबाचा गनबो झाला. आज या रस्त्यावर रुस्तम सिधवा मार्ग अशी पाटी आहे. म्हणजे एकाच दोन-तीनशे पावलांच्या गल्लीवर आधी एक मराठी शेट, मग त्याचा इंग्रजी अपभ्रंश, मग एक पारशी नाव. फोर्टातले रस्ते असेच एकावर एक चढलेले आहेत. पाटीवरचं नाव म्हणजे सगळ्यांत वरचा, सगळ्यांत नवा थर.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक तो घेऊनच येतात. जुनं नाव म्हणजे इंग्रजी नाव, आणि नवं नाव म्हणजे देशी नाव, असा सरळ हिशोब नाही. इंग्रजी नाव खरवडलं की बऱ्याचदा खाली मराठी निघतं. अपोलो बंदर घ्या. ग्रीक देवाचा मुंबईच्या किनाऱ्याशी काय संबंध? काही नाही. कोळी लोक त्या धक्क्याला पालवा म्हणायचे. पालवा कशावरून, गलबतांच्या पालांवरून, म्हणजे शिडांवरून, की पाला माशावरून, यावर जाणकार भांडतात, पण पालवाचं अपोलो झालं याबद्दल सहसा दुमत नसतं. मग त्या अपोलोवरून कोटाचा अपोलो दरवाजा, त्यावरून अपोलो स्ट्रीट. आज त्या रस्त्याचं नाव मुंबई समाचार मार्ग. कुलाब्याचंही तेच. कोळ्यांचं भाट, म्हणून कोळभाट. भाट म्हणजे बागायतीची जमीन. पोर्तुगीज आणि इंग्रज जिभांवरून फिरून त्याचं कोलाबा झालं.

उलटाही प्रकार आहे. साहेबाने एक नाव दिलं आणि बाजाराने आपलं दुसरंच ठेवलं. मेडोज स्ट्रीट हे नाव जनरल मेडोज या १७८८ ते १७९० या काळातल्या गव्हर्नरावरून पडलं. तिथे इंग्रजांची दुकानं होती, म्हणून देशी लोक त्याला इंग्रज बाजार म्हणत. आज तो नगीनदास मास्टर रोड. चर्चगेटला तर देशी लोक पवनचक्की म्हणत, कारण त्या दरवाजाजवळ एक पवनचक्की होती. साहेबाला देऊळ दिसलं, आपल्या माणसाला पीठ दळायचं चाक दिसलं.

हे दरवाजे समजून घेतल्याशिवाय फोर्टातली नावं उलगडत नाहीत, म्हणून तेवढं थांबून सांगतो. फोर्ट म्हणजे खरोखरीचा तटबंदीचा कोट. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने गावाभोवती भिंत घातली, बाहेर खंदक खणला. जुने मराठी लोक या भागाला ‘कोट’च म्हणत. त्याला तीन मुख्य दरवाजे: दक्षिणेला अपोलो, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बाजार गेट. चर्च गेट हे नाव सेंट थॉमस या देवळावरून, जे १७१८ मध्ये सुरू झालं आणि अजून उभं आहे. देवळापासून त्या दरवाजापर्यंत जाणारा तो चर्चगेट स्ट्रीट. त्याच्या दक्षिणेला मुख्यत्वे गोऱ्यांची वस्ती, उत्तरेला देशी व्यापाऱ्यांची. एका रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन गावं. गणबा शेटची गल्ली अर्थातच उत्तरेच्या भागात.

१८०३ मध्ये कोटाच्या आत मोठी आग लागली. दाट वस्तीची घरं जळाली आणि बरेच लोक कोटाबाहेर, काळबादेवी-भुलेश्वरच्या बाजूला सरकले. मग १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअरने भिंती पाडायला काढल्या. भिंती गेल्या, खंदक बुजले, आणि त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो त्यातला बराचसा भाग बांधला गेला. रॅम्पार्ट रो हे नाव त्या तटाचीच आठवण होतं. आज तो के. दुभाष मार्ग. एस्प्लनेड रोड, म्हणजे तटासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मैदानाचा रस्ता. आज महात्मा गांधी रोड. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये कारंजं बसलं, ते फ्लोरा फाउंटन. आता गंमत बघा. दरवाजा होता फाउंटनच्या जागी. स्टेशन झालं तिथून पार पश्चिमेला, मैदानाच्या पलीकडे. दरवाजा पडून दीडशेहून जास्त वर्षं झाली, चर्चगेट स्ट्रीटचंही नाव बदललं, आणि जिथे कधी दरवाजा नव्हता त्या स्टेशनावर लाखो लोक रोज ‘चर्चगेट’ म्हणून उतरतात.

नावं अशी चालत जातात. आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं, तिथे कापसाच्या गठ्ठ्यांच्या राशी लागायच्या, म्हणून कॉटन ग्रीन. कापूस पुढे कुलाब्याला गेला, नाव त्याच्याबरोबर गेलं. मग कापूस शिवडीकडे गेला, नाव तिकडे. आज कॉटन ग्रीन हे हार्बर लाइनवरचं स्टेशन आहे आणि जुन्या जागेवर बसणाऱ्या कोणालाही ते ठाऊक नसतं. मरीन लाइन्समधल्या ‘लाइन्स’ म्हणजे मरीन बटालियनच्या पलटणीच्या बराकी. कूपरेज म्हणजे पिंपं घडवणाऱ्यांची जागा. जहाजांवर खारवलेलं मांस न्यायचं तर पिंपं लागणारच. काळा घोड्याच्या मागच्या रोपवॉक लेनमध्ये जहाजांसाठी दोर वळले जायचे. दोर वळायला लांबलचक सरळ जागा लागते, आणि ती गल्ली आजही तशीच सरळसोट आहे. हे नाव मला फार आवडतं. त्यात कोणाचा मान नाही, कोणाचा पुतळा नाही, नुसतं काम आहे.

मग आली गव्हर्नरांची रांग. हॉर्नबी, ग्रँट, कार्नॅक, फॉकलंड, एल्फिन्स्टन, फ्रिअर, सँडहर्स्ट, लॅमिंग्टन. एकोणिसाव्या शतकात मुंबईत रस्ता झाला की त्याला खुर्चीतल्या साहेबाचं नाव, हा जवळजवळ नियमच होता, त्यामुळे नाव बघून रस्त्याचं साधारण वय सांगता येतं. ग्रँट १८३५ ते १८३८, म्हणजे ग्रँट रोड त्या सुमाराचा. सर्चमध्ये ही युक्ती खरोखर उपयोगी पडते. पण तीही जपून वापरावी. एल्फिन्स्टन दोन होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशवाई बुडाली त्या काळातला, त्याचं नाव कॉलेजला. सर्कल आणि रेल्वे स्टेशनचा एल्फिन्स्टन म्हणजे त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन, १८५३ ते १८६० चा गव्हर्नर. २०१८ मध्ये स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं तेव्हा अर्ध्या लोकांनी भलत्याच एल्फिन्स्टनला निरोप दिला.

गव्हर्नरांच्या नावांतही एखादं नाव थबकायला लावतं. सँडहर्स्टच्या कारकिर्दीत, १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचं काम त्याने हाती घेतलं. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातलेच. समुद्राची हवा आतल्या चाळींपर्यंत पोहोचावी म्हणून ते पश्चिमेकडून पूर्वेकडे काढले. म्हणजे नाव राजघराण्याचं आणि लाटसाहेबाचं, पण रस्ता मुळात प्लेगचा. आज त्यांची नावं सरदार वल्लभभाई पटेल रोड आणि शामळदास गांधी मार्ग. शामळदास गांधी म्हणजे १९४७ मध्ये जुनागढच्या नवाबाविरुद्ध उभ्या राहिलेल्या आरझी हुकुमतीचे, म्हणजे हंगामी सरकारचे प्रमुख. प्रिन्सेस स्ट्रीटवर औषधं घ्यायला येणाऱ्या माणसाला यातलं काहीच सांगता येणार नाही, आणि त्याचा दोषही नाही, कारण पाटीवर नुसतं नाव असतं.

स्वातंत्र्यानंतर नावं बदलली, त्याबद्दल लोक दोन टोकांची मतं मांडतात. एक गट म्हणतो इतिहास पुसला, दुसरा म्हणतो गुलामी पुसली. मी दोन्हीकडे नाही. माझी तक्रार वेगळी आहे: बदललेली काही नावं इतकी चपखल आहेत, आणि तो चपखलपणा कोणाच्याही लक्षात येत नाही.

हॉर्निमन सर्कल बघा. नाव ऐकून लोकांना वाटतं आणखी एक इंग्रज अधिकारी, चुकून राहिलेला. बेंजामिन हॉर्निमन इंग्रज होता खरा, पण तो ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक. जालियनवाला बागेच्या काळात पंजाबातल्या बातम्या छापल्या म्हणून १९१९ मध्ये सरकारने त्याला उचलून बोटीवर बसवलं आणि इंग्लंडला पाठवून दिलं. १९२६ मध्ये तो परत आला. एल्फिन्स्टन या गव्हर्नराच्या नावाचं सर्कल सरकारने हद्दपार केलेल्या संपादकाला दिलं. तिथून निघणारी पारसी बाजार स्ट्रीट झाली सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी रोड. ब्रेलवी त्याच क्रॉनिकलचे नंतरचे संपादक. आणि शेजारीच मुंबई समाचार मार्ग, १८२२ पासून चालत आलेल्या गुजराती वर्तमानपत्राच्या नावाचा. शंभर-दोनशे पावलांत तीन पाट्या आणि तिन्ही छापखान्याच्या. हे कोणी ठरवून केलं की आपोआप जुळलं, मी सांगू शकत नाही, पण तिथून जाताना मला दरवेळी बरं वाटतं.

दुसरं उदाहरण याहून भारी. चर्चगेट स्ट्रीटचं झालं वीर नरिमन रोड. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे वकील आणि काँग्रेसचे पुढारी. १९२० च्या दशकात बॅकबेत भराव घालायची सरकारी योजना चालू होती, तिच्यातली उधळपट्टी आणि भानगडी नरिमनांनी चव्हाट्यावर आणल्या. हार्वी नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. ‘वीर’ ही उपाधी लोकांनी दिली. आता त्यांचं नाव कुठे कुठे लागलं? एक या रस्त्याला, जो पुढे भरावाच्या जमिनीवरून मरीन ड्राइव्हला जाऊन भिडतो. आणि दुसरं नरिमन पॉइंटला, जो अख्खाच्या अख्खा समुद्रात भर टाकून केलेला. भरावाच्या भानगडी काढणाऱ्या माणसाचं नाव मुंबईतल्या सगळ्यांत महागड्या भरावाला!

हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला. इंग्रज हिंदुस्थानातून किती पैसा नेतात याचा हिशोब मांडणारा माणूस, आणि रस्त्याच्या दुतर्फा बँका, विमा कंपन्या. फॉकलंड रोडचं झालं पठ्ठे बापूराव मार्ग. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, कुळकर्ण सोडून तमाशात गेलेला शाहीर. तो भाग नाटकगृहांचा. ‘प्ले हाऊस’चं लोकांच्या तोंडी पिला हाऊस झालं, आणि आजही तेच म्हणतात. लावणी लिहिणाऱ्याला त्या रस्त्यावर जागा मिळाली, यात नाव ठेवायला जागा नाही.

पण प्रत्येक वेळी असं जमत नाही. पुष्कळशी नावं कोणाच्या तरी वडिलांची, कोणा देणगीदाराची, कोणा स्थानिक पुढाऱ्याची आहेत. ठराव होतो, पाटी लागते, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक जुनंच नाव घेतात. महापालिकेला नाव द्यायचा अधिकार १८८८ च्या कायद्याने आहे. लोकांना ते वापरायला लावायचा अधिकार कुठल्याच कायद्याने नाही. काळा घोडा हे त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५ च्या भेटीची आठवण म्हणून त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा तिथे १८७९ मध्ये उभा राहिला, अल्बर्ट ससूनने दिलेला. लोकांनी राजपुत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही, घोड्यावरून नाव ठेवलं. १९६५ मध्ये पुतळा हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोडा गेला तरी चौक काळा घोडाच राहिला, आणि शेवटी २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवायचा नवा काळा घोडा आणून बसवावा लागला. नावाने वस्तूला परत बोलावून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

याच्या उलट हुतात्मा चौक. तिथे २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला, आणि हे नाव मराठी माणूस मुद्दाम, आठवून घेतो. कारंजं अजून तिथेच आहे, टॅक्सीवाला ‘फाउंटन’च म्हणतो, पण हुतात्मा चौक म्हटलं तर त्यालाही कळतं. म्हणजे नवं नाव रुजतच नाही असं नाही. त्या जागेवर खरोखर काही घडलेलं असेल तर रुजतं.

कोटाच्या उत्तरेला गेलात की नावांची जातच बदलते. तिथे माणसं कमी आणि पाणी, झाडं, जमीन जास्त. पायधुणी: बेटांच्या मधल्या खाडीतून आलेला माणूस इथे पाय धुऊन गावात शिरायचा. उमरखाडी, उंबराची खाडी. चिंचबंदर, चिंचपोकळी. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. आज गिरगावातली वाडी म्हटलं की चाळींची रांग डोळ्यांसमोर येते, पण वाडी म्हणजे मुळात बाग. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक (हा कावसजी पटेल तलाव): तलाव सगळे बुजले, नावं ओली आहेत. मांडवीतली सॅम्युएल स्ट्रीट ज्या समाजी हसाजी दिवेकरांच्या नावाची, ते बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, कंपनीच्या फौजेतले. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद स्टेशनाच्या नावातली मशीद म्हणजे हेच यहुद्यांचं प्रार्थनास्थळ असं सांगितलं जातं.

दोन नावांवर मात्र मी दरवेळी रेंगाळतो. एक बेलासिस रोड. १७९३ मध्ये दुष्काळाने हैराण होऊन सुरतेकडून आलेल्या गोरगरिबांना काम द्यावं म्हणून वर्गणी जमवून हा रस्ता बांधवला गेला, तसं कोरलेला दगडही होता. नाव मिळालं मेजर जनरल बेलासिसला. आता तो जहांगीर बोमन बेहराम मार्ग. दोन्ही वेळा पाटीवर मोठ्या माणसाचंच नाव आलं, माती वाहणारे कुठल्याच थरात नाहीत.

दुसरा फोरस रोड. याचं नाव निघालं की लोक कुजबुजायला लागतात, कारण वस्ती तशी. पण फोरस हा जमिनीचा शब्द आहे. पोर्तुगीज ‘फोरो’ म्हणजे भुईभाडं. वरळीचा बांध घातल्यावर मधली खारट, पाणथळ जमीन वर आली, ती लोकांना नाममात्र भाड्याने लावायला दिली, ती फोरस जमीन. त्यासाठी १८५१ मध्ये वेगळा कायदाही झाला. आजही मुंबई शहराच्या कागदांत जमिनीचा प्रकार लिहिताना ‘फोरस’, ‘फजिंदारी’, ‘पेन्शन अँड टॅक्स’ असे शब्द येतात. नवीन वकील ‘फोरस’ वाचून गालात हसतो, तेव्हा मी त्याला हे ऐकवतो.

आता थोडं सावधगिरीचं. नावांच्या गोष्टी जितक्या गोड, तितक्या संशयाने घ्याव्यात. भेंडी बाजार म्हणजे म्हणे ‘बिहाइंड द बझार’, साहेब म्हणायचा आणि आपण भेंडी ऐकलं. असेलही. पण मुंबईत वडावरून, चिंचेवरून, ताडावरून, उंबरावरून इतकी नावं पडलेली असताना भेंडीच्या झाडावरूनच नाव पडलं असं मानायला काय हरकत आहे? भेंडीचं झाड म्हणजे भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचं मोठं झाड, किनाऱ्याला मुबलक. चोर बाजाराचं ‘शोर बाजार’ही याच पंक्तीतलं. चर्नी रोडला तर दोन बाजू आहेत. एक म्हणते गुरं चरायची म्हणून चरणी. दुसरी म्हणते ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांची वस्ती म्हणून. मी गुरांच्या बाजूचा, पण पैज लावणार नाही. माझा साधा नियम असा: जी व्युत्पत्ती ऐकून हसू येतं ती बहुतेक नंतर रचलेली असते.

नावांनी मलाही एकदा चांगलंच फिरवलं आहे. पक्षकाराने पत्ता दिला ‘गांधी रोड, फोर्ट’. मी अर्थातच महात्मा गांधी रोड धरला आणि दोन दिवस नोंदणीच्या दप्तरातल्या इंडेक्सची पानं उलटत बसलो. काहीच लागेना. शेवटी त्यांच्या एका पिवळ्या पडलेल्या पावतीवर ‘फोर्ब्स स्ट्रीट’ दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. फोर्ब्स स्ट्रीट म्हणजे डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग, काळा घोड्याजवळचा. फोर्ट ते प्रिन्सेस स्ट्रीट एवढ्या पट्ट्यात तीन वेगवेगळे गांधी आहेत. नरिमन दोन: वीर नरिमन रोड आणि बाजार गेटचा पेरीन नरिमन स्ट्रीट. कुरिअरवाल्या पोरांची कीव येते. फोर्ब्स ही व्यापारी पेढीवाल्यांची पाटी होती, त्यांचं कौतुक मला नाही, पण फोर्टात फोर्ब्स एकच होता.

म्हणून आता तुमच्या कागदाकडे वळतो. रस्त्याच्या नावावर इमारत शोधू नका, नावाने फार तर गल्ली सापडेल. भाडेकरारात घर नंबर असेल, पण तोही जुना असू शकतो. पालिकेने नंबर बदलले आहेत. मालकाचं नाव आणि इमारतीचं नाव पाहा. मूळ मालकीचा दस्त मिळाला तर त्यात जागेच्या वर्णनात आकड्यांची माळ असते: कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, आणि मग कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, ज्याला आम्ही सी. एस. नंबर म्हणतो, ‘ऑफ फोर्ट डिव्हिजन’ असं पुढे लिहिलेला. लॉटन साहेबाने १८६५ ते १८७२ या काळात शहराची मोजणी केली, तो लॉटन सर्व्हे. सी. एस. नंबर हाती लागला की प्रॉपर्टी कार्ड निघतं, मग रस्त्याला गनबो म्हणा, सिधवा म्हणा, काही अडत नाही. आणि तुम्ही पुढे कधी या जागेचा दस्त करणार असाल तर दोन्ही नावं लिहा, ‘रुस्तम सिधवा मार्ग, पूर्वीची गनबो स्ट्रीट’ अशी. पुढच्या सर्चवाल्याचे दोन दिवस वाचतील.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी करा. त्या कागदात चतुःसीमा दिली असेल, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तर ती उतरवून पाठवा. जुन्या दस्तांत चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं असतात, त्यांच्या गल्लीच्या बोलीतल्या नावांसकट. गनबोचं स्पेलिंग मी आजवर चार तऱ्हांचं पाहिलंय. ‘गणबा’ असं लिहिलेला एकही कागद अजून हाताला लागलेला नाही.